मिलिमीटरचा हिशेब

पुरःस्थ ग्रंथीचा, म्हणजे प्रोस्टेटचा, कर्करोग झाल्यामुळे ती ग्रंथी समूळ काढावयाची ठरली की रोग्याच्या मनात रोगाइतकीच आणखी एक धास्ती असते : पुढे लघवीवर ताबा राहील काय? या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा शस्त्रक्रियेपूर्वीच्या एमआरआय चित्रात सापडतो. ग्रंथीचे खालचे टोक आणि शिश्नाच्या मुळाशी असलेला कंद यांच्या दरम्यानचा मूत्रमार्ग जितका लांब, तितका ताबा लवकर परत येण्याचा संभव अधिक, असा निष्कर्ष 'युरोपियन युरॉलॉजी' या नियतकालिकातील २०१७ च्या आढाव्यात निघाला.

हा तुकडा सरासरीने जेमतेम दीड सेंटिमीटरचा. तेव्हा दोन-तीन मिलिमीटरची चूक येथे किरकोळ नव्हे, आणि ती होण्यास वाव भरपूर आहे. कोणी उभ्या मध्यछेदावर मोजतो, कोणी समोरच्या उभ्या छेदावर. कोणी आडवे छेद मोजून बेरीज करतो. आडव्या छेदाची जाडी सामान्यतः ३ मिलिमीटर. एक छेद इकडचा तिकडे गेला की लांबी एकपंचमांशाने वाढली वा घटली. शिवाय ग्रंथीचे टोक कित्येकदा मूत्रमार्गावर पुढून किंवा मागून उतरलेले असते; मग आरंभबिंदू कोठे धरावा?

आधारवर्ष न सांगता छापलेला किंमत निर्देशांक अर्थशास्त्राचा विद्यार्थी हाती धरणार नाही. कोठून कोठवर हे न सांगता लिहिलेले 'तेरा मिलिमीटर' त्याच जातीचे. फरक इतकाच, की शस्त्रक्रिया की किरणोपचार हे ठरविताना एखादा मनुष्य या आकड्यावर विसंबतो.

ग्रंथीच्या आकारमानाबाबत हा घोळ बराचसा निस्तरला आहे. लांबी, रुंदी व जाडी यांच्या गुणाकारास ०.५२ ने गुणावयाचे, हे सूत्र जुनेच. परंतु लांबी व जाडी मध्यछेदावर आणि रुंदी आडव्या छेदावर घ्यावी, हे 'पाय-रॅड्स' या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या २०१९ च्या आवृत्तीने स्पष्ट केले. त्यासाठी कोणास नवे यंत्र विकत घ्यावे लागले नाही.

हे काम संगणकावर सोपवावे, असा सूर अलीकडे ऐकू येतो. संगणक थकत नाही हे खरे. पण तो शिकतो माणसांनी आखलेल्या रेषांवरून. त्या रेषांतच मेळ नसेल, तर तीच विसंगती तो सफाईने गिरवील. त्याआधी दोन तज्ज्ञांनी एकमेकांचा आकडा न पाहता मोजावे आणि फरक पडल्यास चित्र एकत्र बसून पाहावे, हा उपाय स्वस्त आहे. जिल्ह्याच्या गावी दुसरा तज्ज्ञ मिळणे कठीण, हे मान्य. तेथे त्याच तज्ज्ञाने काही दिवसांनी तेच चित्र पुन्हा मोजावे. छेद व दोन्ही बिंदू यांची अहवालातील नोंद तर एकट्यालाही करता येते.