गिलावा कशाला खरवडता?

१५८० ते १६४० अशी साठ वर्षं वसई, चौल, दमण आणि गोवा यांचा राजा स्पेनचा होता. पोर्तुगालची गादी वारसाच्या भांडणात दुसऱ्या फिलिपकडे गेली, त्याच्यामागून तिसरा फिलिप आला, मग चौथा. कारभार पोर्तुगीजांच्याच हाती राहिला, त्यामुळे किनाऱ्यावरच्या माणसाला फारसा फरक जाणवला नसेल. पण कोर्लईचा डोंगर पोर्तुगीजांनी निजामशाहीकडून १५९४ साली घेतला तो याच काळात. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस चर्चचा पाया त्याच वर्षी घातला आणि १६०५ साली ते पुरं झालं. म्हणजे आपल्याकडच्या शाळांच्या सहली ज्या चर्चपुढे रांगेत उभ्या राहून फोटो काढतात, ते पहिल्या दगडापासून शेवटच्या दगडापर्यंत स्पेनच्या राजाच्या अमलात उभं राहिलं. आत ज्यांचा देह आहे ते फ्रान्सिस झेवियरही नवारचे, आजच्या स्पेनमधले.

स्पेनला निघताना यातलं काही डोक्यात नव्हतं. डोक्यात होता आल्हाम्ब्रा, कारण त्याची तिकिटं फार आधी काढून ठेवावी लागतात. सोबत माझे दीर आणि जाऊ. भाऊजी रत्नागिरीत घरं बांधण्याची कंत्राटं घेतात, त्यांच्या वडिलांची चिरेखाण होती. वास्तू बघायची त्यांची रीत ठरलेली. आपण कमानीकडे बघत असतो तेव्हा ते भिंतीचा पायथा बघतात, मग मान वर करून छपराची कड. "वहिनी, पाणी कुठून उतरतं ते आधी बघा. नक्षी काय पळून जात नाही." माझ्या त्या सहलीच्या फोटोंत राजवाड्यांपेक्षा पन्हळी जास्त आहेत.

सेगोवियात त्यांना पहिल्याच दिवशी मनासारखं मिळालं. गावाच्या मधोमध रोमनांनी बांधलेला जलसेतू उभा आहे, सर्वात उंच ठिकाणी सुमारे २८ मीटर. ग्रॅनाइटचे चिरे एकावर एक ठेवलेत, मधे चुना नाही की काही नाही. प्रत्येक दगडाला खाचा दिसतात. त्यात चिमटा अडकवून तो दगड वर चढवला जाई. गाइड सम्राटांची नावं सांगत होती आणि भाऊजी खाचा मोजत होते. पुढे मध्ययुगात यातल्या ३६ कमानी पडल्या होत्या, त्या पंधराव्या शतकात पुन्हा बांधल्या. रोमन वारसा वगैरे जपायची कल्पना तेव्हा कुणाला सुचलेली नव्हती. गावाला पाणी हवं होतं, म्हणून बांधल्या. दोन हजार वर्षं उभ्या राहिलेल्या वास्तूच्या मागे इतकं साधं कारण असू शकतं, हे मला तिथे पटलं आणि पुढच्या सगळ्या गावांत मी तेच शोधत राहिले.

तोलेदोबद्दल थोडक्यात. तिथे सांता मारिया ला ब्लांका नावाचं एक पांढरं शुभ्र देवालय आहे. ज्यूंनी प्रार्थनेसाठी बांधलं, कारागिरी मुसलमानी धर्तीची, घोड्याच्या नालासारख्या कमानींची, आणि पुढे ते झालं चर्च. नाव मेरीमातेचं, कमानी मशिदीच्या, पाया सिनेगॉगचा. गावातले ज्यू मात्र १४९२ साली देशाबाहेर घालवले गेले.

कोर्दोबात जास्त थांबलो. तिथली मोठी मशीद पहिल्या अब्द अल-रहमानने ७८५च्या सुमारास सुरू केली आणि पुढची दोनशे वर्षं तिच्यात भर पडत गेली. आत शिरलं की आठशेहून अधिक खांब. यातले जुने खांब रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींतून काढून आणलेले आहेत, म्हणून कुणाची जात वेगळी, कुणाचा रंग वेगळा, कुणाचं डोकं वेगळं. खांब होते बुटके आणि छप्पर हवं होतं उंच, तेव्हा कारागिरांनी कमानीवर दुसरी कमान चढवली, एक थर लाल विटेचा, एक पांढऱ्या दगडाचा. ही युक्ती रोमन जलसेतूंवरूनच सुचली असावी असं काही अभ्यासक मानतात. भाऊजी म्हणाले, "मोडक्या मालात काम भागवायचं होतं त्याला. कंत्राटदाराचं डोकं आहे हे." जगभरच्या प्रवाशांना ज्या कमानींनी वेड लावलं त्यांचं याहून चांगलं वर्णन मी ऐकलेलं नाही.

१२३६ साली ख्रिस्ती राजा तिसरा फर्नांदो याने कोर्दोबा जिंकलं आणि मशिदीचं कॅथीड्रल झालं. जवळजवळ तीनशे वर्षं किरकोळ बदलांवर भागलं. मग १५२३ साली बिशपांनी थेट मधोमध खांब काढून एक उंच चर्च उभारायला घेतलं. गावाच्या नगरपालिकेचा विरोध होता, राजा पाचवा चार्ल्स याने परवानगी दिली आणि नंतर काम पाहून तोच हळहळला असं सांगतात. आजही तिथे उभं राहिलं की राग येतो. माझ्या जावेला आला आणि तिने तो मराठीत मोठ्याने व्यक्त केला. पण सेव्हियाला गेल्यावर माझा राग निवळला. तिथे जुनी मशीद पाडूनच टाकली आणि त्या जागी प्रचंड गॉथिक कॅथीड्रल बांधलं. उरला तो संत्र्यांच्या झाडांचा चौक आणि मिनार. हिराल्दा नावाचा तो मिनार का राहिला? घंटा टांगायला उंच जागा लागते म्हणून. ११९८ साली पुरा झालेल्या त्या मिनाराच्या माथ्यावर सोळाव्या शतकात घंटाघर चढवलं. आत जिने नाहीत, उतरण आहे. बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून ती केली म्हणतात. माझ्या गुडघ्यांनी त्या मुअज्जिनाला दुवा दिला.

घंटांवरून कोर्दोबातली आणखी एक गोष्ट. ९९७ साली तिथला सेनापती अल-मन्सूर याने उत्तरेला सांतियागोवर स्वारी केली, तिथल्या चर्चच्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवरून कोर्दोबाला आणल्या आणि त्यांचे मशिदीत दिवे केले. १२३६ साली फर्नांदोने त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यांवरून परत पाठवल्या, असं तिथले इतिहासकार लिहितात. गाइडने हे सांगितलं तेव्हा गटातले बाकीचे लोक चकित झाले. आम्ही तिघं झालो नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या. भीमाशंकरला आहे, मेणवलीला आहे, पालीच्या बल्लाळेश्वराला आहे, आणि नाशकातली नारोशंकराची घंटा तर बोलण्यात येऊन बसली आहे. तिच्यावर १७२१ साल आहे. वसईची चर्चं बिनछपराची उभी आहेत, रेवदंड्याचा सातखणी मनोरा तसाच ओका. घंटा मात्र अजून वाजतात, कारण त्या वाजवणारं कुणीतरी रोज येतं. आपल्या रत्नदुर्गाच्या बालेकिल्ल्याची वर्दळही भगवतीमुळेच टिकली आहे.

वापर असेल तर वास्तू टिकते, हेच ग्रानाडात उलट्या बाजूने दिसतं. आल्हाम्ब्रा तेराव्या-चौदाव्या शतकांत नसरी सुलतानांनी बांधला. २ जानेवारी १४९२ रोजी शेवटचा सुलतान बोआब्दिल याने किल्ल्या सोपवल्या आणि पुढे तो समुद्रापार फेजला गेला. रत्नागिरीच्या माणसाला ही गोष्ट ऐकताना थिबा आठवणारच. मंडालेचा शेवटचा राजा, १८८५ साली पदच्युत झाला, १८८६ साली इथे आणून ठेवला, १९१० साली त्याच्यासाठी राजवाडा झाला आणि १९१६ साली तो इथेच वारला. बोआब्दिलच्या मागे त्याचा राजवाडा परक्यांच्या हाती राहिला. थिबाला परक्यांनी परमुलखात राजवाडा बांधून दिला. दोघांतलं कुणाचं नशीब बरं, यावर आमची हॉटेलात रात्री बरीच चर्चा झाली.

बोआब्दिलनंतर राजे बदलले, राजघराण्याचं लक्ष उडालं आणि आल्हाम्ब्रा ओस पडत गेला. पाचव्या चार्ल्सने आत स्वतःचा गोल चौकाचा महाल १५२७ साली काढला, त्याला विसाव्या शतकापर्यंत छप्पर नव्हतं. १८१२ साली नेपोलियनच्या फौजेने जाताना काही बुरूज सुरुंगाने उडवले. १८२९ साली वॉशिंग्टन अर्विंग हा अमेरिकन लेखक आल्हाम्ब्राच्या मोडक्या महालात राहिला, त्यावर त्याने पुस्तक लिहिलं, लोक बघायला येऊ लागले आणि १८७० साली आल्हाम्ब्रा राष्ट्रीय स्मारक झाला. दारो नदीवरून आणलेलं पाणी आजही चौकाचौकांतून खेळतं. भाऊजींनी तो पाट बघितला आणि त्यांना आपल्या पोफळीच्या आगरातला पाट आठवला. दहा मिनिटं ते तिथून हलले नाहीत.

पण मला त्यांचं दुसरं वाक्य लक्षात राहिलं. सिंहांच्या चौकात भिंतीवर जाळीसारखं नाजूक काम आहे. मी दगड समजून बघत होते. ते म्हणाले, "दगड कुठला? गिलावा आहे." खरंच. बरंचसं कोरीव काम जिप्समच्या गिलाव्यावर आहे, तटाच्या भिंती चुना मिसळून ठोकलेल्या मातीच्या. ग्रानाडात वर्षभरात जेवढा पाऊस पडतो तेवढा आपल्याकडे जुलैच्या एका पंधरवड्यात पडतो. तिथे कोरडी हवा आहे, वर कौलं आहेत, म्हणून ते साडेसहाशे वर्षं राहिलं. आपल्याकडे एका मिरगात वाहून गेलं असतं.

घरी आल्यावर बॉम जेझूसबद्दल वाचलं ते या वाक्यामुळे. त्याच्या भिंती आपल्याच जांभ्याच्या आहेत आणि दर्शनी बाजूचं कोरीव काम वसईकडून आणलेल्या काळ्या दगडाचं. या भिंतींवर मुळात चुन्याचा गिलावा होता. शेजारचं से कॅथीड्रल आजही पांढरं आहे, तसंच हेही पांढरं असे. १९५०च्या दशकात पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञ बाल्ताझार काश्त्रू यांच्या देखरेखीखाली तो गिलावा काढून टाकला, वास्तू जुनी, प्राचीन वाटावी म्हणून. तेव्हापासून उघडा जांभा गोव्याचा पाऊस झेलतो आहे आणि झिजतो आहे. गिलावा परत करावा अशी मागणी गोव्यात झाली. पण लोकांना ते लाल चर्चच खरं वाटतं, पोस्टकार्डावर तेच आहे. एवढ्या सत्तांतरांतून गेलेल्या भिंतींना घाव बसला तो शत्रूच्या हातून नाही, त्यांचं म्हातारपण आवडणाऱ्यांच्या हातून.

भाऊजींना मी हे दाखवलं तेव्हा ते हसलेसुद्धा नाहीत. सध्या त्यांच्याकडे अशीच कामं येतात. मुंबई-पुण्याचे लोक आपल्याकडे जुनी घरं घेतात, होमस्टे काढतात आणि पहिली सूचना देतात, "गिलावा काढा, चिरा दिसू दे." कोकणात उघडा घडीव चिरा पूर्वीपासून आहे हे खरं, पण तो खोल पाखीखाली, पडवीच्या आत. त्याच्यावर पाऊस कधी थेट मारत नसे. पाखी कापून वर सपाट स्लॅब टाकायची आणि खाली चिरा उघडा ठेवायचा, ही नवी रीत. चार पावसाळ्यांत तो चिरा मऊ पडतो, कडा गळतात, आतून ओल येते. मग घाईघाईने सिमेंट थापतात, आणि ओल आतच कोंडून बसते.

तेव्हा तुमच्या वाडवडिलांच्या घराला जुना चुन्याचा गिलावा असेल तर तो राहू द्या. निघालाच असेल तर पुन्हा चुन्याचाच करून घ्या, अजून तो करणारे गवंडी मिळतात. आणि कौलं बदलताना पाखी निदान दोन हात तरी बाहेर काढा.