जळालेल्या गवताखालची साक्ष

एका बाजूचे सगळे साक्षीदार मेलेले आहेत आणि दुसऱ्या बाजूच्या साक्षीदारांना कोणी बोलावलेच नाही, अशा खटल्याचा निकाल कसा लागेल? अमेरिकेतील लिटल बिगहॉर्नच्या लढाईबाबत शंभर वर्षे नेमके हेच झाले. ही कोंडी शेवटी कोणा नामवंत इतिहासकाराने नव्हे, तर गवताला लागलेल्या आगीने फोडली.

पार्श्वभूमी थोडक्यात पाहू. १८६८ च्या फोर्ट लॅरामी कराराने ब्लॅक हिल्सचा डोंगराळ प्रदेश लाकोटा या मूळ रहिवाशांचा असल्याचे अमेरिकी सरकारने मान्य केले. १८७४ मध्ये कस्टर या लष्करी अधिकाऱ्याच्या मोहिमेला तेथे सोने सापडले आणि कराराची किंमत शून्य झाली. ३१ जानेवारी १८७६ पर्यंत सरकारी ठाण्यांवर हजर व्हा, असा हुकूम सुटला. जे आले नाहीत त्यांच्यावर सैन्य धाडले. २५ जून १८७६ रोजी मोंटानातील लिटल बिगहॉर्न नदीकाठच्या वस्तीवर कस्टरच्या सातव्या घोडदळाने हल्ला केला. लाकोटा, शायेन व अरापाहो योद्ध्यांनी तो परतवला. कस्टरसोबतच्या तुकडीतील सुमारे २१० जणांपैकी एकही वाचला नाही.

लढाई मूळ रहिवाशांनी जिंकली; इतिहासात मात्र त्यांना हरवले गेले. टेकडीवर शेवटच्या गोळीपर्यंत झुंजणारा वीर कस्टर, हे चित्र उभे केले गेले. १८९६ पासून एका बिअर कंपनीने असे रंगीत चित्र छापून दारूच्या गुत्त्यागुत्त्यांत टांगले. १८७९ मध्ये शिकागोत कस्टरच्या हाताखालील मेजर रेनोच्या वर्तनाची लष्करी चौकशी झाली, तेव्हाही ज्यांनी सैन्याला हरवले त्यांच्यापैकी एकाचीही साक्ष झाली नाही.

वास्तविक साक्षीदार होते आणि ते बोलतही होते. लाकोटांच्या रेड हॉर्सने १८८१ मध्ये या लढाईची ४२ चित्रे काढून दिली. गॉल या लाकोटा नेत्याने १८८६ मध्ये रणभूमीवर उभे राहून हकिकत सांगितली. अनेकांच्या सांगण्याचा मथितार्थ असा, की सैनिकांची फळी लवकर मोडली, गोंधळ उडाला आणि शेवट झटपट झाला. परंतु ही कथने विसंगत, भाषांतरित आणि म्हणून अविश्वसनीय ठरवली गेली. शत्रूची साक्ष ग्राह्य कशी धरायची?

ऑगस्ट १९८३ मध्ये रणभूमीवर वणवा पेटला आणि जमीन उघडी पडली. १९८४ व १९८५ मध्ये डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स या पुरातत्त्वज्ञांनी स्वयंसेवकांना रांगेत उभे करून धातुशोधक यंत्रांनी तो परिसर पिंजून काढला. यंत्र वाजले की तेथे निशाण रोवायचे, जागा मोजून नोंदवायची आणि मगच वस्तू उचलायची, अशी पद्धत होती. आम्हा वकिलांच्या भाषेत हा स्थळ पंचनामाच होय. काडतुसांच्या पुंगळ्या, शिशाच्या गोळ्या, लोखंडी बाणाग्रे अशा हजारो वस्तू मिळाल्या.

खरी कमाल पुढे आहे. बंदुकीची फायरिंग पिन प्रत्येक पुंगळीवर आपली खूण सोडते. खुनाच्या खटल्यात बॅलिस्टिक तज्ज्ञ ज्या पद्धतीने हत्यार ओळखतो, त्याच पद्धतीने येथे एकेक बंदूक ओळखली गेली. तीच खूण दुसऱ्या ठिकाणी सापडली, की ती बंदूक कुठून कुठे गेली हे कळते. मूळ रहिवाशांकडे ४० हून अधिक प्रकारच्या बंदुका होत्या आणि त्यांत लागोपाठ गोळ्या झाडणाऱ्या हेन्री व विंचेस्टर होत्या, हेही सिद्ध झाले. सैनिकांच्या स्प्रिंगफील्ड बंदुकीत मात्र दर वेळी एकच गोळी भरावी लागे. पुंगळ्यांच्या मांडणीवरून फॉक्स यांनी निष्कर्ष काढला, की फळी कोलमडली होती आणि चित्रातली ती प्रदीर्घ झुंज झालीच नाही. या निष्कर्षाच्या तपशिलांबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु ज्या साक्षी शंभर वर्षे बाजूला सारल्या, त्या यापुढे कोणालाही बाजूला सारता येणार नाहीत, हे निर्विवाद आहे.

याचे परिणाम कायद्यातही दिसले. १९९१ मध्ये त्या राष्ट्रीय स्मारकाच्या नावातून कस्टरचे नाव गेले आणि लढाईचे नाव आले. पडलेल्या सैनिकांसाठी १८९० पासून पांढरे दगड उभे होते. योद्ध्यांसाठी लाल ग्रॅनाइटचे दगड १९९९ पासून लागू लागले. त्यांचे स्वतंत्र स्मारक २००३ मध्ये झाले. जमिनीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. ब्लॅक हिल्स हिरावल्याची भरपाई द्यावी, असा निकाल १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. लाकोटांनी पैसे नाकारले. त्यांना जमीन हवी आहे. दगडावर नाव येणे हा न्यायाचा आरंभ असतो, शेवट नव्हे.

दरवर्षी १ जानेवारीला कोरेगावच्या स्तंभासमोर उभे राहणाऱ्या आम्हांला दगडावर कोरलेल्या नावाचे मोल कोणी शिकवायला नको. लिटल बिगहॉर्नपासून शिकायचे ते वेगळेच आहे. जुन्या रणभूमीवरून हौसेने उचललेली गोळी म्हणजे पंचनाम्याविना हलवलेला मुद्देमाल. तिची साक्ष तिथेच संपते. म्हणून वस्तू सापडली तर ती हलवू नका. जागा नोंदवा, छायाचित्र घ्या, पुरातत्त्व खात्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. त्याच वेळी आपल्या वस्तीतील वृद्धांच्या आठवणी नाव, गाव, तारखेसह लिहून काढा. रेड हॉर्सची चित्रे कोणीतरी जपली होती, म्हणूनच जमिनीतून पुरावा निघाला तेव्हा तो पडताळून पाहायला साक्ष शिल्लक होती.