मुठीची मजुरी

सुरी ३५० रुपयांची आणि तिला नवी मूठ बसवायचे ११८० रुपये. हा आकडा ऐकला की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग म्हणतो, "त्यात तीन नव्या सुऱ्या येतील की!" येतील. तिन्ही एकाच मापाच्या येतील, तिन्हींना तीच मऊ लाकडाची किंवा प्लॅस्टिकची मूठ असेल आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिन्ही मुठी खुळखुळायला लागतील. या सदरात विळीपासून अडकित्त्यापर्यंत घरातल्या पुष्कळ हत्यारांबद्दल लिहून झालं. वाचक विचारतात ते बहुतेक पात्याबद्दल: पोलाद कोणतं घ्यावं, धार कुठे लावून मिळेल. मुठीबद्दल कुणी विचारत नाही. हात मात्र दिवसभर मुठीवरच असतो.

लोक पैशांपाशी अडतात, म्हणून आधी हिशोबच मांडतो. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलेला शिसवाचा चांगला वाळलेला तुकडा १५० रुपये. बोहरी आळीतली पाच मिलिमीटर जाडीची पितळी सळई ८० रुपये. अ‍ॅराल्डाइटच्या दोन लहान नळ्या १०० आणि पॉलिश पेपर ५०. सामान झालं ३८० रुपयांचं. उरलेले ८०० ही मूठ बसवणाऱ्या मिस्त्रींची मजुरी. त्यांचा हात चार तास चालतो, शिवाय गोंद वाळेपर्यंत सुरी एक अख्खा दिवस अडकून पडते. तासाला २०० रुपये पडले. नळाचा वॉशर बदलायला आलेला प्लंबर अर्ध्या तासाचे याहून जास्त घेऊन जातो आणि आपण ते मुकाट्याने देतो.

त्या चार तासांत काय होतं हे एकदा शेजारी बसून पाहावं. चांगल्या सुरीचं पातं मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं असतं. त्याच्या दोन्ही अंगांना लाकडाच्या दोन पट्ट्या, आणि आरपार दोन किंवा तीन रिपिटं. जुनी रिपिटं ड्रिलने काढली की पट्ट्या सुटतात आणि आतलं दृश्य दिसतं: गंजाचा तपकिरी थर, त्यात वर्षानुवर्षं झिरपलेलं पाणी, हळदीचा पिवळा काठ, कुजकट वास. हे सगळं खरवडून लोखंड उघडं करायचं, खरखरीत पेपरने त्यावर मुद्दाम ओरखडे काढायचे म्हणजे गोंदाला धरायला जागा मिळते, आणि थिनरने पुसून तेलाचा अंश घालवायचा. पुसल्यानंतर मिस्त्री त्या भागाला बोटसुद्धा लावत नाहीत.

मग पट्ट्या. एकाच तुकड्यातून मधोमध चिरून काढलेल्या, म्हणजे दोन्हीकडे रेषा जुळतात. त्यांची आतली बाजू सपाट करायला मिस्त्रींनी जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवला आहे. त्यावर पट्टी घासायची, पात्याला लावायची, दोन्ही उजेडासमोर धरायचं. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचं. असं किती वेळा चालतं ते पाहताना आपलाच धीर सुटतो. भोकं पाडताना एक पट्टी पात्याला आवळून पात्यातल्याच भोकातून ड्रिल घालायचं, त्यात सळईचा तुकडा बसवून मगच दुसऱ्या भोकाकडे वळायचं. केसभर चूक झाली तरी शेवटी पिन जात नाही आणि ठोकून घातली तर लाकूड चिरतं.

सगळ्यात नाजूक काम पट्टीच्या पात्याकडच्या तोंडाचं. ते चिकटवण्याआधीच गोल करून आरशासारखं घासून ठेवावं लागतं, कारण एकदा पट्टी बसली की तिथे कानस फिरवणं म्हणजे पात्यावर ओरखडे काढणं. कारखान्याच्या स्वस्त सुरीत हे तोंड पाहा. कापल्यासारखं सरळ, कोपरा बोटाला टोचणारा. तर्जनीच्या मुळाशी घट्टा पडतो तो या कोपऱ्यामुळे.

चिकटवतानाही क्लॅम्प फार आवळायचा नाही, नाहीतर सगळा गोंद बाहेर पडतो आणि सांधा कोरडा राहतो. पाच मिनिटांत घट्ट होणारं अ‍ॅराल्डाइट मिस्त्री हातात धरत नाहीत. सावकाश वाळणारंच जास्त टिकतं, असं त्यांचं म्हणणं आहे आणि ते खरं आहे. दुसऱ्या दिवशी पितळेची टोकं लहान हातोडीने हलके ठोकून पसरवायची, मरफ्याने आकार काढायचा आणि ८० नंबरच्या पेपरपासून ४०० पर्यंत यायचं.

आकार कुणाच्या हाताचा काढायचा? इथे बेतून घेतलेली मूठ आणि दुकानातली मूठ यांच्या वाटा वेगळ्या होतात. आमच्या शेजारच्या काकू डबे करतात. रोज किलोंनी कांदा, कोबी, फरसबी. अंगठ्याच्या मुळाशी कायम ठणका. त्यांची सुरी घेऊन मी त्यांना मिस्त्रींकडे नेलं. मिस्त्रींनी सुरीकडे पाहिलंही नाही, मळलेल्या मातीचा एक गोळा पुढे केला.

"काकू, भाजी चिरताना सुरी धरता तसा हा धरा."

"अहो, सुरी दुरुस्त करायचीय, मातीचं काय?"

"आधी तुमचा हात बघू द्या. दाबा घट्ट."

गोळ्यावर बोटं उमटली. अंगठा आणि तर्जनी पार पुढे, जवळजवळ पात्यावर. मधली दोन बोटं खोल रुतलेली. करंगळीचा नुसता स्पर्श. मिस्त्री म्हणाले, "मूठ बारीक आहे, म्हणून सगळा जोर या दोन बोटांत येतोय. करंगळी रिकामी." त्यांनी नवी मूठ पोटात जाड ठेवली, पुढे निमुळती केली आणि मागे खाली किंचित उतरवली, म्हणजे करंगळीला टेकायला जागा झाली. बारीक, गुळगुळीत मूठ ओल्या हातातून निसटू नये म्हणून माणूस नकळत ती जास्त आवळतो आणि दिवसभराच्या चिरण्यात ते आवळणं अंगठ्याच्या सांध्यात साठतं. ज्यांचं पोट हातावर आहे त्या खानावळवाल्या, डबेवाल्या, मच्छी कापणाऱ्या बायकांनी तरी दुकानातल्या मुठीवर भागवू नये, असं मला मनापासून वाटतं.

लाकडाबद्दल माझं मत ठाम आहे. शिसव देखणं, जड आणि घट्ट. बाभूळ दिसायला साधी, पण कुऱ्हाड-कुदळीचे दांडे पिढ्यान्‌पिढ्या तिचे होत आले आहेत, ते उगाच नाही. सागवान हलकं आणि पाण्याला चिवट, मात्र ते अंगचंच तेलकट असल्यामुळे चिकटवण्याआधी थिनरने नीट पुसावं लागतं. कोणतंही असो, पुरतं वाळलेलं हवं. लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि मधलं लोखंड जागचं हलत नाही. ओलं लाकूड बसवलं तर मार्च-एप्रिलमध्ये कडेला नख जाईल एवढी फट पडते.

ज्यांचा हात सतत पाण्यात असतो त्यांच्यासाठी मात्र मी लाकडाचा हट्ट धरणार नाही. कापडाचे थर फेनॉलच्या राळेत दाबून केलेली तपकिरी शीट विजेच्या सामानाच्या बाजारात मिळते, तिला सगळे बेकेलाइटच म्हणतात. परदेशात चाकूवाले मिकार्टा म्हणून मिरवतात ती याच जातीची. पाण्याने ती जवळपास फुगत नाही. घासताना उडणारी तिची धूळ मात्र छातीला वाईट, म्हणून मास्कशिवाय काम करणाऱ्याकडे ती देऊ नये.

आणि सांबरशिंग मागू नका. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या चाकूंच्या मुठी भारतातून गेलेल्या सांबरशिंगाच्या केल्या. तो माल आपल्या जंगलांतला होता. आज वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे शिंगाचा व्यापार गुन्हा आहे आणि जंगलात गळून पडलेलं शिंगही उचलून आणता येत नाही. कुणी गुपचूप देऊ केलं तरी नको म्हणावं.

मूठ बसवणं हा आपल्याकडे कधीच किरकोळ धंदा नव्हता. मराठ्यांच्या काळात युरोपातून आलेल्या पात्यांना इथल्या कारागिरांनी इथली मूठ चढवली, त्या तलवारी फिरंग म्हणून ओळखल्या गेल्या. तलवारीच्या पोकळ लोखंडी मुठीत लाख आणि राळेचं मिश्रण भरत आणि पात्याचं मागचं टोक तापवून त्यात बसवत. मूठ सैल झाली की पुन्हा तापवायची, काढायची, नवी बसवायची. पात्याचं आयुष्य मुठीपेक्षा मोठं असणार हे त्यांनी धरूनच ठेवलेलं होतं. आज बाजारातल्या पुष्कळ सुऱ्यांत पातं जेमतेम दोन इंच आत जातं आणि त्यावर प्लॅस्टिक ओतलेलं असतं. त्यांना नवी मूठ बसत नाही आणि बसवायला जाऊही नये. तिथे ११८० रुपये घालणं म्हणजे नुकसानच. विकत घेतानाच मुठीच्या वरच्या कडेला पात्याचं लोखंड शेवटापर्यंत दिसतं का ते पाहिलं, तर पुढचा प्रश्न राहत नाही.

बसवलेली मूठ सांभाळणं अवघड नाही. सुरी भांड्यांच्या ढिगात भिजत टाकायची नाही, धुतली की लगेच पुसायची. पावसाळ्याआधी आणि नंतर जवसाचं तेल चोळायचं. खोबरेल नको, ते लाकडात वाळत नाही, नुसतं चिकट राहतं. जवसाच्या तेलाची चिंधी मात्र गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. ते तेल वाळताना तापतं आणि चुरगळलेल्या चिंधीला आपोआप आग लागू शकते. ती पाण्यात भिजवून टाकावी किंवा उघड्यावर पसरून वाळवावी.

राहता राहिली घासाघीस. मिस्त्री हजार म्हणाले की सातशेला मागण्याची आपली रीत आहे आणि गरजू कारागीर सातशेला हो म्हणतोही. पण तेवढे तीनशे तो आणणार कुठून? लाकूड त्याला त्याच भावाने घ्यावं लागतं, पितळही. तो वेळ वाचवतो, आणि वेळ वाचतो तो आपल्याला न दिसणाऱ्या जागी: काचेवरचं घासणं कमी होतं, पात्याकडचं तोंड घाईत उरकलं जातं, सावकाश वाळणाऱ्या गोंदाच्या जागी पाच मिनिटांचा येतो. वरून मूठ तशीच चकचकीत दिसते आणि पाणी त्या फटीतून शिरतं. खर्च कमी करायचाच असेल तर मजुरीला हात न लावता लाकूड बदला. बाभळीच्या तुकड्याने शंभरेक रुपये वाचतात आणि मूठ तितकीच टिकते.