दोन डब्यांची शेती

भाजी पिकवायला जमीन हवी, असे म्हटले की झोपडपट्टीतल्या माणसाचा प्रश्न तिथेच संपतो. तो संपू नये. दोन डबे एकावर एक ठेवावेत. खालच्यात पाणी, वरच्यात माती, आणि तळाच्या भोकातून पाण्यात सोडलेली सुती वात. समईची वात तेल ओढते तशी ही पाणी ओढते. नळाला तासभरच पाणी येणाऱ्या वस्तीतही रोप तग धरते. मात्र खालचा डबा झाकलेला हवा, नाहीतर डास होतील.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. लोहाच्या गोळ्या हव्यातच. पण लिंबू पिळलेली माठाची भाजी ताटात आली, तर त्यांना जोड मिळेल. मित्रहो, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो. यंदा अंगणवाडीच्या दारी हे डबे का मांडू नयेत?