छोट्या हत्तीतला छोटा घोडा

वीकेंड आला की पुण्यातली निम्मी ऑफिसं चांदणी चौक ओलांडून पळतात. भूगाव, पिरंगुट, पौड... आणि मग मुळशीचं पाणी दिसलं की आठवडाभराचा बॉस विसरायला होतो! तिथल्या फार्महाऊसवर एखादा वाढदिवस असेल, तर हल्ली केक आणि जादूगाराच्या जोडीला कधीकधी आणखी एक पाहुणा असतो. कमरेएवढा, झुपकेदार आयाळीचा पोनी. पोरं खूश, आईबाबा खूश, फोटो तर काय विचारूच नका.

पण हा पाहुणा तिथवर येतो कसा?

माझ्या एका मैत्रिणीने लेकीच्या वाढदिवसाला असा पोनी ठरवला, तेव्हा मी तिला हेच विचारलं. ती म्हणाली, "अगं, एवढुसा तर आहे. छोट्या हत्तीत मावतो!" छोटा हत्ती म्हणजे आपला तो मिनी टेम्पो. घर बदलताना फ्रिज आणि सोफा नेतो ना, तोच.

मावतो, हे मान्य. पण फ्रिज ब्रेक लागला की घाबरत नाही. घोडा घाबरतो. धावत्या गाडीत तो चारही पाय रोवून सतत तोल सांभाळत उभा असतो. प्रत्येक वळण, प्रत्येक स्पीडब्रेकर त्याच्या स्नायूंना कळतो. आपण पीएमटीत दांड्याला न धरता उभं राहून बघावं, म्हणजे साधारण अंदाज येईल.

बरं, याचे नियम नाहीत असंही नाही. प्राण्यांच्या वाहतुकीचे नियम १९७८ पासून आहेत आणि त्यात घोड्यांसाठी वेगळं प्रकरण आहे. प्रवासाला फिट असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला हवा. सोबत फर्स्ट एड हवं. चढ-उतार करायला रॅम्प हवा, नसेल तर तिथल्या तिथे जुगाड करा, पण उडी मारायला लावू नका. हौद्यात पाय घसरणार नाही असं काहीतरी अंथरलेलं हवं. दोन घोड्यांच्या मध्ये किमान आठ सेंटीमीटर जाडीचा बांबू हवा. घोड्याचं तोंड डावीकडे हवं, कारण ओव्हरटेक करणाऱ्या गाड्या उजवीकडून जातात आणि त्यांना बघून तो बिचकतो. गाडीत एक माणूस फक्त त्याच्यासाठी. आणि वेग? ताशी ३५ किलोमीटरच्या वर नाही! २०१५ मध्ये मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीने जागाही ठरवून दिली. एका घोड्याला सव्वादोन चौरस मीटर.

आता गंमत बघा. हे सगळं आपल्या डोळ्यांसमोर मोठा घोडा ठेवून वाचलं जातं आणि बुटका घोडा आला की 'याला काय होतंय' म्हणून सोडून दिलं जातं. खरं तर त्याला जास्तच जपावं लागतं. मोठ्या घोड्याच्या छातीशी येणारा बांबू याच्या डोक्यावरून जातो. जोरात ब्रेक लागला की हा थेट खालून पुढे सरकतो. म्हणजे आडवे बांबू त्याच्या मापाने खाली बांधायला हवेत. फाळक्याची फटही बघायला हवी, कारण छोटा खूर छोट्या फटीत अडकतो.

आणि एक गोष्ट तर मला हा विषय खणेपर्यंत माहीतच नव्हती. मिनिएचर घोडे, शेटलंड पोनी आणि गाढवं ताणामुळे खाणंपिणं सोडून बसली, तर त्यांचं शरीर साठवलेली चरबी भराभर रक्तात सोडायला लागतं. ती यकृतात साचते आणि वेळेत उपचार झाले नाहीत, तर जनावर दगावू शकतं. गुबगुबीत पोनी म्हणजे तब्येतीने ठणठणीत, हा आपला गोड गैरसमज आहे. प्रवासानंतर तो चारा खातोय का, पाणी पितोय का, हे बघणं म्हणूनच सगळ्यात महत्त्वाचं.

दुसरी चूक म्हणजे म्होरकीचं दावं आखूड बांधणं. हेतू चांगला असतो, जनावर हलू नये. पण घोड्याला अधूनमधून मान खाली घालावी लागते, तरच श्वासनलिकेतली धूळ आणि कफ बाहेर येतो. तासन्‌तास मान वर अडकली की न्यूमोनियाचा धोका वाढतो. मुळशीचा प्रवास तासा-दीड तासाचा, तिथे हे कदाचित निभावेलही. पण नंदुरबारमधल्या सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतून घेतलेला घोडा पुण्याला यायचा म्हणजे चारशेएक किलोमीटर. ३५ च्या वेगाने हिशोब करा. अकरा तासांच्या वर! वाटेत थांबे, पाणी आणि चारा नसेल, तर काय हाल होतील?

पुण्याला ही कला नवी नाही, बरं का. पावसाळ्यातल्या रेससाठी मुंबईचे घोडे दरवर्षी पुण्याच्या रेसकोर्सवर येतात, ते खास गाड्यांमधून, सोबत सांभाळणारा माणूस घेऊन. त्यांच्यावर लाखो रुपये लागलेले असतात. वाढदिवसाच्या पोनीवर फक्त तासाचं भाडं लागलेलं असतं. फरक तेवढाच.

म्हणून पोनी बोलवायचाच असेल, तर रेट विचारण्याआधी चार प्रश्न विचारा. गाडी कुठली आणि खाली काय अंथरणार? सोबत कोण बसणार? डॉक्टरचा दाखला आहे का? आल्यावर त्याला सावली, पाणी आणि किमान अर्धा तास निवांतपणा मिळेल का? पावसाळा असेल तर पाचवाही विचारा. ताडपत्री टाकली तर हवा कुठून येणार? मुळशीचा पाऊस आडवातिडवा असतो, म्हणून सगळीकडून गच्च आवळलेली ताडपत्री घोड्याला गुदमरवते.

गाडीवाल्याला घाई करू नका. पिरंगुटच्या ट्रॅफिकमध्ये अडकून पोनी तासभर उशिरा आला, तर पोरं तोवर केक खातील. आणि या प्रश्नांवर समोरून "मॅडम, टेन्शन नका घेऊ, बसतो तो" एवढंच उत्तर आलं, तर सरळ नाही म्हणा. गिऱ्हाईक विचारायला लागलं, की हौद्यात रबरी मॅट यायला फार वेळ लागत नाही.