उसन्या उजेडावर किती दिवस?

शहापूर तालुक्यातल्या वाशिंदच्या कारखान्यात पोलादी पत्र्यावर जस्ताचा पातळ थर चढतो, म्हणून तो पत्रा पावसात लवकर गंजत नाही. वितळलेलं जस्त लोखंडाला भिडतं तेव्हा दोघांचे अणू कसे मिसळतात, कोणता थर आधी धरतो, हे तपासायला इस्पितळातल्या यंत्राहून कितीतरी प्रखर क्ष-किरण लागतात. देशात ते देणारं मोठं केंद्र एकच आहे, इंदूरला. तिथल्या प्रवेगक केंद्राची घडी डॉ. दिलीप भवाळकरांनी संस्थापक संचालक म्हणून बसवली. १९९९ मध्ये 'इंडस-१' आणि २००५ मध्ये 'इंडस-२' ही सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरवून प्रखर प्रकाश मिळवणारी यंत्रं, प्रकाशू लागली. ही यंत्रं आपल्याच माणसांनी उभारली, याचा अभिमान वाटायलाच हवा.

पण जग तिथे थांबलेलं नाही. पुढची पायरी म्हणजे मुक्त-इलेक्ट्रॉन लेसर. त्यात जवळपास प्रकाशाच्या वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन आलटून-पालटून मांडलेल्या चुंबकांच्या लांबलचक रांगेतून नागमोडी नेले जातात. वळताना ते प्रकाश सोडतात, तोच प्रकाश त्यांचे बारीक जथे पाडतो आणि मग ते जथे एका तालात चमकतात. हा झोत काही फेम्टोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागाहूनही लहान. एवढ्या वेळात रासायनिक बंध तुटताना पाहता येतो; नाजूक प्रथिनाचा स्फटिक झोताने नष्ट होण्याआधीच त्याची रचना टिपून होते. नव्या औषधांच्या शोधात अशा रचनांचं मोल फार मोठं.

क्ष-किरणांचा असा लेसर अमेरिकेने २००९ मध्ये चालवला, जपानने २०११ मध्ये, कोरियाने २०१६ मध्ये. हँबर्गजवळचा ३.४ किलोमीटरचा युरोपीय लेसर २०१७ पासून सेकंदाला २७ हजारांपर्यंत झोत देतो. त्यावर सुमारे सव्वाशे कोटी युरो खर्च झाले, ते अनेक देशांनी वाटून घेतले. भारत त्या भागीदारांत नाही. आपले संशोधक हँबर्ग, त्रिएस्ते, त्सुकुबा इथल्या सिंक्रोट्रॉनवर नमुने घेऊन जातात. भागीदारी चांगलीच, पण परक्या यंत्रावर पाळी मिळते. यंत्र बांधायचं कसब मिळत नाही.

आणि ते कसब आपल्याकडे मुळीच नाही असंही नाही. इंदूरला अवरक्त किरणांचा मुक्त-इलेक्ट्रॉन लेसर उभा राहिला आहे. अतिवाहक प्रवेगकावर चालणाऱ्या लेसरला इलेक्ट्रॉनांना वेग द्यायला लागतात त्या जातीच्या नायोबियमच्या पोकळ्या तिथे अमेरिकेतल्या फर्मीलॅबच्या सहकार्याने घडवल्या गेल्या. अवरक्तापासून क्ष-किरणांपर्यंतची मजल लांबची आहे, खर्चिक आहे आणि एका अर्थसंकल्पात संपणारी नाही. म्हणूनच ती आज सुरू व्हायला हवी, कारण इंडस बांधणारी पिढी निवृत्त होत आली आहे आणि हातातली विद्या हातानेच पुढच्याला द्यावी लागते.

केंद्र सरकारने क्ष-किरण लेसरचा निर्णय घ्यावा आणि त्यासाठी सलग पंधरा-वीस वर्षं पैसा पुरवावा. शहापूर-मुरबाडच्या महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांनी मात्र तोवर थांबू नये. 'इंडस-२' विद्यापीठांतल्या संशोधकांसाठी खुलं आहे. अर्ज करा, आणि आपल्या विद्यार्थ्यांना एकदा तरी इंदूरला न्या.