न कळलेल्या पानावर सही करू नका

विशेष शाळांत दर जुलैला फायली भरल्या जातात. प्रत्येक मुलाचा ‘आयईपी’, म्हणजे वैयक्तिक शैक्षणिक कार्यक्रम, लिहिला जातो आणि शेवटच्या पानावर पालकांची सही घेतली जाते. नागपुरात विशेष शिक्षिका म्हणून मीही वर्षानुवर्षं अशा सह्या घेतल्या. त्यातल्या बहुतेक फसवून घेतल्या, हे आज कबूल करते.

डोळे उघडले ते एका आईमुळे. वाठोड्याहून दोन बस बदलून ती आली होती. मी लिहिलं होतं: ‘विद्यार्थ्याच्या संवादकौशल्यात ८० टक्के सुधारणा घडवून आणणे.’ तिनं ती ओळ दोनदा वाचली. म्हणाली, “मॅडम, मले वाचता येते. पण माह्या पोराले वर्षभरानं काय येईन, ते कुठं लिवलं हाय?”

मला उत्तर देता आलं नाही. ८० टक्के कशाचे? आज तो कसं मागतो, कुणाकडे मागतो, याची नोंदच नव्हती. नाव खोडून दुसऱ्या मुलाच्या फायलीत चिकटवलं तरी चालेल, असं ते वाक्य होतं. आणि अशी वाक्यं चिकटवली जातात. पंधरा वर्षांच्या एका मुलाच्या फायलीत ‘रंग ओळखणे’ हे उद्दिष्ट सलग तिसऱ्या वर्षी मी पाहिलं आहे. त्या मुलाला बाथरूमचं दार आतून लावायला कुणी शिकवलं नव्हतं.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम ३१नं ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ या वयात मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. म्हणजे हातात बारा वर्षं. त्यातली तीन रंगांवर घालवणं ही चोरी आहे. कलम १६ प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवायला सांगतं. पण जे मोजताच येत नाही, त्यावर लक्ष ठेवणार कसं?

अमेरिकेत १९७५च्या कायद्यानं असा आराखडा सक्तीचा केला आणि तो ठरवायला पालकांना बैठकीत बसवलं. आपण कागद घेतला, पालकांची खुर्ची घेतलीच नाही. मुलाची प्रगती मोजायला साधनं नाहीत, ही सबब खोटी आहे. मद्रासमध्ये तयार झालेल्या एमडीपीएस या सूचीत १८ क्षेत्रं आणि ३६० बाबी आहेत. मूल काय करतं, ते डोळ्यांनी पाहून नोंदवायचं. भाषा अवघड केली ती आम्ही. कारण स्पष्ट उद्दिष्ट फसलं तर शिक्षकाला जाब विचारता येतो. ‘कौशल्य विकसित करणे’ कधी फसतच नाही.

“पालकांना काय कळतं?” असं आमच्या स्टाफरूममध्ये सर्रास बोललं जातं. त्या दिवशी मी त्या आईला विचारलं, तुम्हाला काय हवंय? लग्नकार्याला त्याला नेता येत नाही, कपडे ओले होतात, ती म्हणाली. आणि लघवी लागली की आधी तो शर्टाचं टोक ओढतो, हेही तिनंच सांगितलं. तो वर्षभर माझ्या वर्गात होता. मला ते दिसलं नव्हतं. मग आम्ही दोघींनी मिळून लिहिलं: ‘आज तो शर्ट ओढतो, सांगत नाही. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत घरी आणि शाळेत, लघवी लागली की तो चित्राचं कार्ड जवळच्या मोठ्या माणसाच्या हातात देईल. पाचांपैकी चार वेळा, कुणी आठवण न करता.’ हे जमतंय की नाही, ते ती आई स्वतः पाहू शकते. पहिल्या ओळीत तिला ती सोय नव्हती.

कामाच्या दिवशी सकाळी अकराला पालकसभा ठेवायची आणि रोजीवर जाणारा बाप आला नाही की ‘पालक उदासीन’ अशी नोंद करायची, हे थांबलं पाहिजे. बैठक त्याच्या सुट्टीच्या दिवशी घ्या. २०२२मध्ये राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला आहे. त्यानं तपासणीत सही मोजू नये, पालकांना बोलावून ‘तुमचं मूल यंदा काय शिकतंय?’ असं विचारावं. त्यांना सांगता आलं नाही, तर ती फाईल कोरी धरावी.

आणि पालकांनो, पेन हातात घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. माझं मूल आज काय करतं? ठरलेल्या तारखेला काय करेल? ते मला घरी कसं दिसेल? उत्तर तुमच्या घरच्या बोलीत मिळालं पाहिजे. मिळालं नाही तर सही करू नका. समोर मी बसलेली असले, तरी करू नका.